नववी जागा

योम दालसू पंधरा वर्षं धंदेवाईक बेसबॉल खेळला आणि त्या पंधरा वर्षांत मैदानावर 'ही माझी' म्हणावी अशी एक जागा त्याला कुणी दिली नाही. संघ त्याने पाच बदलले, म्हणजे त्याने बदलले नाहीत, त्याला बदललं. थर्ड बेसवाल्याची कंबर धरली की दालसू थर्ड बेसला. लेफ्ट फील्डवाल्याला लष्करातून बोलावणं आलं की दालसू लेफ्ट फील्डला. शॉर्टस्टॉप सासूच्या साठीला गेला आणि दारू पिऊन पडला, तर तीन दिवस शॉर्टस्टॉपही दालसूच. तो माणूस बरा होऊन, सुटून किंवा शुद्धीवर येऊन परतला की दालसू पुन्हा बाकावर. हाजिर तो वजीर म्हणतात, पण वजिरी कधी संध्याकाळच्या पुढे टिकली नाही.

गुन्सानच्या संघात त्याची शेवटची सहा वर्षं गेली. संघाचं नाव बगळे. बगळ्यांत त्याला सगळे ठिगळ म्हणायचे आणि तोंडावर म्हणायचे, कारण त्याला राग यायचा नाही. प्रत्येक खेळाडूसाठी स्टँडमधल्या लोकांनी एकेक गाणं रचलेलं असायचं. दालसूसाठी नुसता ढोल होता आणि तीन टाळ्या. एक ना धड भाराभर चिंध्या, असं एका पत्रकाराने छापलं होतं. पत्रकाराचं काय जातं लिहायला! पाच निरनिराळे ग्लव्ह एका पिशवीत घालून, आज कुठला लागेल याचा पत्ता नसताना रोज सकाळी घरातून निघून दाखवावं त्याने.

पण दालसूला या फिरतीचा कंटाळा कसा आला नाही, याचं कारण एकच. माणूस भयंकर चौकस होता. सुन्चॉनला थर्ड बेसजवळची माती कडक का, हे त्याने पाणी मारणाऱ्या म्हाताऱ्याला विचारून घेतलं होतं. पिचर घाबरला की चेंडू टाकण्याआधी त्याची मागची टाच जरा उचलते, हे फक्त सेंटर फील्डवरून दिसतं. फर्स्ट बेसवर उभं राहिलं की समोरच्या संघाच्या सगळ्या खबरी कळतात, कारण तिथे पोचलेला प्रत्येक जण दोन घटका गप्पा मारतो. कुणाचं बायकोशी पटत नाही, कुणाचा गुडघा गेलाय, सगळं. थर्ड बेसवर काही कळत नाही, तिथे चेंडू इतका जोरात येतो की दात सांभाळावे लागतात. एकदा संघ चौदा-दोनने मार खात असताना पिचर वाया घालवायचा नाही म्हणून त्याला चेंडू टाकायलाही उभं केलं. पाच धावा गेल्या, पण तिथून काय दिसतं ते त्याने पाहून घेतलं.

मैदानावर नऊ जागा. आठ झाल्या होत्या. राहिली होती कॅचरची.

आणि तीच तर सगळ्यांत निराळी. बाकीच्या आठ जणांची तोंडं एकीकडे असतात आणि कॅचरचं एकट्याचं उलट दिशेला. बॅटरच्या मागे उकिडवं बसायचं, बोटांनी खूण करून पिचरला कुठला चेंडू टाकायचा ते सांगायचं, आणि सगळं मैदान समोरून बघायचं. दालसू कुठेही उभा असला तरी त्याची नजर तिकडे जायची. त्या बसलेल्या माणसाला आपण कसे दिसत असू? हे कुतूहल त्याला इतकं लागलं होतं की त्याने कॅचरचा जाड ग्लव्ह विकत घेऊन नऊ वर्षं तेल लावून जपला होता. दर वसंतात मोसमाआधी डुकराचं शिजवलेलं मुंडकं मांडून सगळा संघ त्याला लोटांगण घालायचा. बाकीचे षटकार मागायचे, हा एक इनिंग कॅचरची जागा मागायचा. डुक्कर हसायचं. पण ते सगळ्यांकडे बघून हसतं.

छत्तिसाव्या वर्षी, ऑगस्टच्या शेवटी, मॅनेजर कू साहेबांनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि बार्लीचा गार चहा पुढे केला. चहा पुढे आला तेव्हाच तो समजला.

"दालसू, पुढच्या वर्षीच्या यादीत तुझं नाव नाही. कागदावर वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकलेलं बरं."

"हो साहेब."

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही घेत, साहेब."

"काही हवंय का? शेवटच्या दिवशी फुलं देऊ, घरच्यांना बोलावू…"

"फुलं नकोत. एक इनिंग कॅचरला बसवा."

कू साहेबांनी कप खाली ठेवला. "डोकं ठिकाणावर आहे ना? ती काय जत्रेतला पाळणा आहे, एक फेरी मारून उतरायला? पिचरचा जीव असतो त्या माणसाच्या हातात."

"हो साहेब," म्हणून दालसू उठला. कुठे जा म्हटलं की जायचं आणि जाऊ नको म्हटलं की नाही जायचं, याची त्याला सवय होती.

घरी मिरानला सांगितलं. ती बाजारात लोणची आणि भाज्यांचं दुकान चालवते आणि बेसबॉलला 'ते तुमचं काठी-चेंडू' म्हणते. यादीचं ऐकून तिने नवऱ्याच्या ताटात खेकडा वाढला, आणि कॅचरचं ऐकून हसत सुटली.

"सोयॉनचे बाबा, या वयात लोक बंदरावर खुर्ची टाकून मासे धरतात. तुम्हाला उकिडवं बसायचे डोहाळे लागलेत!"

"एकदाच गं. काय दिसतं ते बघायचंय."

"गुडघे धरले तर मी चोळणार नाही, सांगून ठेवते."

आता मोसमाचा एकच महिना उरला होता. दालसूने राखीव कॅचर हानगिलला गाठलं. रोज सकाळी, बाकीचे येण्याआधी, अर्धा तास. हानगिल वयाने लहान, पण शिकवताना तोंड आवरत नसे.

"दादा, हात नका घालू! चेंडू जमिनीवर आपटला की हात विसरायचा, गुडघे टेकायचे, छाती आडवी घालायची. लागू दे छातीवर."

"लागतं की रे."

"लागायलाच हवं. तेवढ्याचसाठी तर चिलखत घालतात."

सरळ चेंडू दालसूला लगेच जमला. वळणारा आठवड्याभरात जमला. बुडणारा मात्र जमेना. तो सरळ येतो, येतो, आणि बॅटरपाशी आल्यावर पायाखालची फळी काढल्यासारखा खाली जातो. पंधरा वर्षं चेंडू दिसला की हात घालायची सवय. दहातले तीन अडायचे, सात मागच्या भिंतीला. हानगिल म्हणाला, "हे जमत नसेल तर बाकी सगळं जमून उपयोग नाही." दालसूने मान डोलावली आणि भिंतीपाशी चेंडू गोळा करायला गेला.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी बगळे सुन्चॉनला खेळायला गेले. दुपारी दोनचा सामना. दोन्ही संघ तळाला, स्टँडमध्ये सुका माकूळ चघळणारी थोडी मंडळी. तिसऱ्या इनिंगला पहिल्या कॅचरच्या अंगठ्यावर चेंडू बसला आणि त्याला इस्पितळात नेलं. हानगिल आला. नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला बगळे एका धावेने मागे होते आणि बॅट घेऊन निघाला हानगिल, ज्याने महिन्याभरात धड एक फटका मारला नव्हता. कू साहेबांनी त्याला थांबवून दुसरा बॅटर पाठवला. त्याने मारला, बरोबरी झाली, बाकावर सगळे नाचले. आणि नाचता नाचता कू साहेब थांबले. बदललेला खेळाडू परत येत नाही. एक कॅचर इस्पितळात, एक बाद, तिसरा गुन्सानमध्ये, आणि सुन्चॉनची पाळी अजून बाकी.

त्यांनी बाकाकडे पाहिलं. दालसू खाली वाकून पायांना पट्टे बांधत होता.

"काय चाललंय?"

"बांधून ठेवतोय साहेब. वेळ आली तर."

कू साहेबांनी एक शिवी हासडली, ती कुणाला होती ते त्यांनाच ठाऊक, आणि अंपायरकडे नाव द्यायला गेले.

दालसू जाऊन बॅटरच्या मागे बसला. मागून अंपायरने विचारलं, "पहिल्यांदाच?"

"हो."

"मग जरा मन लावून पकड बाबा. तुझा सुटलेला मला लागतो."

पहिला बॅटर ग्यॉन्गपिल, दालसूचा दोन संघांपूर्वीचा सोबती. त्याने खाली पाहिलं. "अरे, वाट चुकलास का? तुझा बाक तिकडे."

"खेळ तू गुपचूप."

आणि मग दालसूने जाळीतून समोर पाहिलं.

आठही जण त्याच्याकडे बघत होते. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, कॅचरकडे सगळे बघतातच, तोही बघत आला होता. पण ठाऊक असणं निराळं. या माणसांच्या त्याने इतकी वर्षं पाठी पाहिल्या होत्या, बगला पाहिल्या होत्या, तोंडं पाहिली नव्हती. थर्ड बेसवाला एवढा दांडगा गडी, चेंडू पडण्याआधी जिभेचं टोक बाहेर काढतो. सेंटर फील्डवाला ओठ हलवत काहीतरी पुटपुटतो, बहुतेक प्रार्थना. कर्णधार चामानच्या कपाळाला आठी. आणि सगळे वाट बघताहेत, ठिगळाची. दालसूला खूण करायचं भानच राहिलं नाही.

"झोपलास का?" ग्यॉन्गपिल म्हणाला.

चेंडू टाकायला उभा होता उजिन. एकवीस वर्षांचा, मोक्पोच्या कोळ्याचा मुलगा. दोनदा खालच्या संघात धाडलेला आणि आता पुन्हा वर आणलेला. दालसूने एक बोट दाखवलं, म्हणजे सरळ. उजिनने मान डोलावली. पुन्हा एक बोट. पुन्हा मान. ग्यॉन्गपिलने तो असा हाणला की तो चालत दुसऱ्या बेसवर पोचला असता. पुढच्याला दालसूने दोन बोटं दाखवली, वळणारा. मान डोलली. तो बाद झाला, पण तेवढ्यात ग्यॉन्गपिल तिसऱ्या बेसवर. आता तो घरी, म्हणजे दालसूपुढच्या होम प्लेटवर, आला की सुन्चॉनची धाव आणि सामना संपला.

तिसरा आला तो सुन्चॉनचा सगळ्यांत जबर बॅटर. एक बोट. मान. चेंडू स्टँडच्या वरून गेला, दोन हात रेषेबाहेर. पुन्हा एक बोट. मान. दुसऱ्या बाजूने स्टँडच्या वरून, हातभर बाहेर. रेषेबाहेर गेले म्हणून दोन स्ट्राइक झाले, तिसऱ्याला बाद, पण ते स्ट्राइक बघून सुन्चॉनचे लोक उभे राहून ढोल बडवत होते. तिसरा सरळ टाकला तर तो कुठे जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दालसूने एक बोट दाखवलं. बुडणारा मागायची त्याची छाती नव्हती.

आणि उजिनने नंदीबैलासारखी मान डोलावली.

बाकीच्या जागांवरून उजिनची पाठ दिसली असती. इथून चेहरा दिसला. पोराला कळत होतं. हा चेंडू मार खाणार, सामना जाणार, आपण परत खालच्या संघात जाणार, हे सगळं त्याला लख्ख कळत होतं आणि तरी तो मान डोलावत होता, कारण समोर पंधरा वर्षांनी मोठा दादा बसला होता. दालसूने ती मान ओळखली. जा लेफ्टला, हो साहेब. बस बाकावर, हो साहेब. नाव नाही तुझं, हो साहेब. त्याला एकदम स्वतःचीच लाज वाटली.

त्याने अंपायरला सांगून खेळ थांबवला आणि उजिनपाशी चालत गेला.

"तुझा सगळ्यांत चांगला चेंडू कुठला?"

"बुडणारा, दादा."

"मी तो एकदाही मागितला नाही."

"हो दादा."

"मग नाही म्हणायचं की! मान अशी हलव, दोन्हीकडे. दुखते का मान?"

उजिन जमिनीकडे बघू लागला. "दादा, तुम्हाला नाही कसं म्हणू? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले चुलीत. खरं सांगू? मला तो पकडता येत नाही. दहातले तीन येतात. म्हणून मागत नाही. आता बोल."

पोराने पहिल्यांदा वर पाहिलं. "सुटला तर तिसऱ्या बेसवरचा घरी येईल."

"येईल."

"मग?"

"मला काय विचारतोस? चेंडू कुणाच्या हातात आहे?"

तो परत येऊन बसला. "झालं का तुमचं?" अंपायरने विचारलं. दालसूने मुद्दाम एक बोट दाखवलं. उजिनची मान सवयीने खाली जाऊ लागली, मध्येच थांबली, आणि मानेवर माशी बसावी तशी किंचित हलली. दालसूने दोन बोटं दाखवली. या वेळी मान चांगली दोन्हीकडे हलली, स्टँडमधल्या शेवटच्या माणसाला दिसेल अशी. फर्स्ट बेसवर चामानने डोळे विस्फारले. दालसूने चार बोटं दाखवली, म्हणजे बुडणारा. उजिनने एकदाच मान डोलावली.

असा चेंडू दालसूने आयुष्यात पाहिला नव्हता. सरळ आला, तसाच येत राहिला, आणि बॅट फिरली तेव्हा तो तिच्या वाटेत नव्हताच. सुन्चॉनचा तो जबर गडी स्वतःभोवती फिरून एका गुडघ्यावर आला. तिसरा स्ट्राइक. छाती घाल, छाती घाल, असं दालसू स्वतःला सांगत होता, आणि हात गेला. पंधरा वर्षांचा हात तो, ऐकतो कुणाचं? चेंडू आपटून ग्लव्हखालून, पायांमधून थेट भिंतीकडे. दालसू वळून धावला, आणि भिंतीपाशी चेंडू उचलेपर्यंत मागे सुन्चॉनचे लोक ओरडायला लागले होते. ग्यॉन्गपिल घरी पोचला होता.

सगळे डगआउटमधल्या बाकावर येऊन बसले. मग चामान उठला. "उजिन, टोपी काढ. दादाने सरळ मागितला होता. तू भर मैदानात मान हलवलीस, सगळ्यांनी पाहिलं. माफी माग."

चूक कुणाची का असेना, अशा वेळी धाकट्याने टोपी काढून वाकायचं असतं. उजिनने टोपी काढली. तो वाकलाही, अर्धा. आणि मग सरळ झाला. कान लालभडक झाले होते.

"चेंडू बरोबर होता," तो म्हणाला. "परत उभा राहिलो तर तोच टाकीन."

चामानने आ वासला. कुणीतरी मागे "अरे देवा" म्हणालं. दालसूला इतका आनंद झाला की त्याला हसू आवरेना, आणि त्या आनंदाच्या तळाशी त्याला त्या पोराचा हेवाही वाटला, चांगला कडकडीत हेवा. एकविसाव्या वर्षी हे वाक्य आपल्या तोंडून निघालं असतं तर आज आपण कुठे असतो?

"बरोबरच होता," तो म्हणाला. "सुटला माझ्याकडून. चामान, बस खाली."

कू साहेब कोपऱ्यात हाताची घडी घालून सगळं ऐकत होते. "उजिन, मंगळवारी परत नवव्या इनिंगला तूच," एवढं बोलून ते बाहेर पडले. बसपाशी त्यांनी दालसूला गाठलं. राग ओसरला होता, किंवा काम होतं म्हणून बाजूला ठेवला होता.

"मंगळवारी राईट फील्डवाल्याच्या मुलीचा वाढदिवस आहे. तू उभा राहा तिथे. आणि पुढचे चार सामनेही बघू, कुठे ना कुठे लागशीलच."

दालसूने पाठीवरची, कॅचरचा धरून सहा ग्लव्हांची पिशवी खाली ठेवली. त्याची मान खाली जाणारच होती.

"नाही साहेब," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मंगळवारी नाही येत. चार सामनेही नाही. माझ्या सगळ्या जागा बघून झाल्या."

 सहा वर्षांत कू साहेबांनी या माणसाला शंभर ठिकाणी उभं केलं होतं, आणि तो नाही म्हणू शकतो हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.